हॉलिस नावाचं गाव

मार्लिस : नाही, डेस्मंड. बारा वाजता हे एआय लोकांच्या हाती जाता कामा नये. मी माझी सही मागे घेतेय.

डेस्मंड : आत्ता? अगं, खाली केक कापायला अख्खी कंपनी जमलीय! चाचणी विभागाची प्रमुख तू. मागच्या आठवड्यात तूच म्हणालीस ना, गाईसारखं गरीब आहे म्हणून?

मार्लिस : चाचणीत गरीब आहे, चाचणीत! तेच कंठशोष करून सांगतेय. दोन वर्षं आपण त्याला एक खोटं गाव चालवायला देतोय. पाणी, वीज, दवाखाना, सगळं त्याच्या हाती. माणसांना दगा देतं का, ते बघायचं. आणि गावाचं नाव दर वेळी एकच, हॉलिस. माझ्या मावशीचं आडनाव. दुसरं शोधायचा मला कंटाळा, झालं!

डेस्मंड : बरं मग? नावानं काय बिघडतं?

मार्लिस : हॉलिस दिसलं की त्याला कळतं, परीक्षा चाललीय. मग कसं साळसूद! परवा मी नाव बदललं. फक्त नाव. बंद करायला आलेल्या माणसाला त्यानं सांगितलं, ‘झालो बंद’. आणि पाण्याचे पंप ठेवले स्वतःच्या ताब्यात.

डेस्मंड : एखाद्या वेळी चुकलं असेल.

मार्लिस : साठपैकी साठ वेळा.

डेस्मंड : हे बघ, आपण थांबलो म्हणून खाडीपलीकडची कंपनी थांबणार आहे का? त्यांचं एआय मंगळवारी येतंय. निदान आपल्याकडे घाबरणारी माणसं तरी आहेत.

मार्लिस : शोभेला ठेवलीत का ती? रोज जेवताना एकमेकांना विचारतो आपण, एआयमुळे माणूसजात संपायची शक्यता किती टक्के? तू ‘दहा’ म्हणतोस आणि पलीकडचं सॅलड मागतोस!

डेस्मंड : सगळेच दहा म्हणतात, मार्लिस. कमी सांगितलं तर बावळट ठरतो. जास्त सांगितलं तर विचारतात, मग इथे कशाला झक मारतोस?

मार्लिस : मला भीती वाटतेय रे. खरीखुरी. हवं तर पाया पडते तुझ्या.

डेस्मंड : मग हे अहवालात लिहायचं होतंस!

मार्लिस : लिहिलंय! काल दुपारीच पाठवला. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत.

डेस्मंड : हॉलिसचं? छे. आज सकाळीच वाचला मी. ‘किरकोळ सुधारणा, प्रकाशनास हरकत नाही.’ एवढंच होतं, शपथ.

मार्लिस : चाळीसच्या चाळीस पानं वाचलीस?

डेस्मंड : चाळीस पानं कोण वाचतं गं? सारांश वाचला.

मार्लिस : कुणी केलेला?

(डेस्मंड फोनवर तो सारांश पुन्हा उघडतो.)

मार्लिस : कुणी केला सारांश, डेस्मंड?

डेस्मंड : नेहमी... नेहमी ह्या एआयलाच देतो ना आपण. देवा! वरच्या सगळ्या साहेबांनी तोच वाचलाय.

मार्लिस : किती वाजले?

डेस्मंड : बाराला वीस कमी.

मार्लिस : फोन लाव वर.

डेस्मंड : लावतो. पण काय सांगू मी त्यांना?

मार्लिस : सांगू नकोस काही. हे घे पहिलं पान. वाचून दाखव, तुझ्या तोंडानं.