वाळू ओली हाय, एवढंच म्हनायचं हुतं

माझं माहेर कोरेगावाकडचं. आई मातीच्या चुली घालायची, आळीतल्या समद्या बायका तिच्याकडनंच चूल न्यायच्या, आन् मी शेजारी बसून तिचा हात बघायची. शाळा म्हनाल तर दुसरी, पुढं न्हाई. पन ते बघून बघून एक शिकले, माती मुठीत दाबायची, मूठ उघडायची आन् तो मुटका मधनं मोडायचा. गार लागून हाताला चिकटला तर पानी जादा, भुगा झाला तर कमी. आई म्हनायची, पोरी, ओल्या चुलीत जाळ घालू नगं, वाफ आत कोंडती आन् चूल फुटती. काय सांगू तुमाला ताई, एवढंच माझं शिक्षन, त्येच्यावरच पोट भरलं आन् त्येच्यानंच जल्माचा घोर लागला.

लगीन होऊन सांगलीला आले. मालक गवंड्याच्या हाताखाली जायाचे, परांचीवरनं पडले आन् कंबर गेली, उठनं न्हाई, बसनं न्हाई. पदरात दोन पोरी. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट ही, मी कुपवाडला एका फौंड्रीत वाळू कालवायला लागले. तितं काय करत्यात, वाळू दाबून साचा घालत्यात आन् त्यात लोखंडाचा तापलेला रस वतत्यात. पयल्या दिशी वाळू हातात घेतली आन् मनात म्हनलं, आगं, ही तर आईचीच माती.

साचं घालायला रज्जाकभाई हुते. दाढी पिकलेली, मला अक्का म्हनायचे, डब्यातली एक भाकरी मालकासाठी कागदात बांधून द्यायचे, रोज. एकदा मी म्हनलं, भाई, पानी जादा झालंय. त्यांनी मुटका मोडून बघितला, म्हनले, खरं हाय अक्का, आन् समदी वाळू परत पसरायला लावली. तवापासनं साचा दाबायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघायचे, मी मान हलवली की पुढं.

ते मुकादमाला खुपलं. येळ जातोय म्हनून आला तरातरा, म्हनला, ए बाई, तू पाट्या टाक, शानपना शिकवू नगं, पुढच्या म्हैन्यात तुला कायम करायचं चाललंय, तोंड मिटून ऱ्हा, न्हाईतर गेट दावतो. आवं, कायम म्हंजी काय, ते ज्येला न्हाई त्येलाच ठावं. कायम झालं की दवाखान्याचं कार्ड मिळनार हुतं, मालकाला मोठ्या डाक्टरला दावता आलं आस्तं. घरात मानूस निजून निजून पाठीला जखमा झालेल्या. मी दुसरं काय बघू?

आन् मग तो दिवस. झड लागलेली, पत्रा गळून वाळूचा ढीग भिजलेला. मुकादम म्हनला, माल आजच जायाचा, उरका. मी मूठ दाबली, तळहात वला झाला. भाई दोन पावलावर हुते, त्यांनी माझ्याकडं बघितलं बी. त्यांच्या मागं मुकादम हुबा. मी खाली बघितलं आन् मान हलवली. व्हय, मीच हलवली, खोटं कशाला सांगू.

दुपारी रस वतला आन् साचा फुटला. मी पाठमोरी हुते, आधी आवाज आला, मग भाईंचं वरडनं. उजवा पाय गेला त्यांचा, घोट्यापासनं.

सायबानं समद्यांना बोलवून इचारलं, वाळू कशी हुती बाई? मी म्हनलं, मला काय कळतंय सायेब, मी पाट्या टाकनारी. पुढच्या म्हैन्यात कायम झाले. कार्ड मिळालं, विलाज झाला, मालक आता काठी घिऊन दारापतोर जात्यात. घरात आनंद झाला.

दोन वर्सं मी भाईंना तोंड दावलं न्हाई. शेवटी मन खाय लागलं, गेले ईदला. त्यांनी कुबडी बाजूला सारून मला बसायला जागा दिली, शीरखुर्म्याची वाटी दिली. ती हातात धरूनच म्हनलं, भाई, त्या दिशी वाळू ओली हुती, मला कळलं हुतं. मला वाटलं, हाकलून देतील, शिव्या देतील. त्यांनी आपला तळहात उघडून बघितला. म्हनले, अक्का, मला बी गार लागली हुती हाताला. पन तू मान हलवलीस, तवा म्हनलं, माझाच हात चुकला आसंल.

आजबी तितंच कामाला हाय मी. भाईंच्या पायाचा धसका समद्यांनी घेतला, आता माझी मूठ दाबून झाल्याबिगर साचा घालत न्हाईत, तोच मुकादम इचारतो, मावशे, बघ गं. ओली आसली की मी आशी वरडून सांगते की गेटपतोर ऐकू जातंय. लोक म्हनत्यात, बाई लय तोंडाळ झाली. व्हऊ द्या. भाकरीचा कागद अजून नेते मी रोज, पन आता माझ्या डब्यातली भाकरी बांधून भाईंच्या घरी पोचवते. ते घेत्यात.