खडखडीवर वीस टन

…आणि वर मलाच विचारतात, ललित, हायड्रॉलिक प्रेस कशाला घेतलास घरात? अहो, लोक घरात फ्रीज घेतात, सोफा घेतात, अगदीच डोकं फिरलं तर मासे पाळतात, मी प्रेस घेतला, वीस टनांचा, मग माझं डोकं फिरलं होतं का? तर तुम्हाला सांगतो, फिरलं होतं, पण ते फिरवलं कुणी ते आधी ऐका आणि मग बोला.

आमची गाडी सेकंड हँड आहे, पण इंजिन म्हणाल तर लोण्यासारखं, फक्त पुढून आवाज. खड्डा आला की खड्, गतिरोधक आला की खड्खड्, आणि आमच्या सरावलीपासून सासऱ्यांच्या केळव्यापर्यंत खड्डा कुठे नाही ते मला दाखवा, म्हणजे गाडी रस्ताभर बोलतच जायची. पुढची चाकं धरून ठेवणारे जे लोखंडी आर्म असतात, त्यांतले बुश गेले होते. बुश म्हणजे काय, लोखंडी कड्यात बसवलेलं मुठीएवढं रबर, रस्त्याचे सगळे धक्के ते खातं बिचारं. ते झिजलं की लोखंडावर लोखंड. लग्न झाल्यापासून मी त्या आवाजासकट सासुरवाडीला जात होतो आणि कुणी काही बोललं नव्हतं.

पण बायकोला, मेघालीला, सातवा लागला, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणजे केळव्याला हे ठरलेलंच, आणि सासऱ्यांचा फोन आला. आत्माराम नाव, सुपारीची वाडी, बोलणं सुपारी कातरल्यासारखं, एकेक तुकडा. म्हणाले, "जावई, दसऱ्याला चांगला दिवस हाय, पोरीला आना. पन त्या खडखड्यात नाय. तुमी कंपनीत मशिनी दुरुस्त करता ना? मग सोताच्या गाडीचा आवाज नाय काडता येत? नसंल येत तर सांगा, माजा टेम्पो हाय." टेम्पो! म्हणजे माझी बायको, पोटात माझं पोर, सुपारीच्या पोत्यांना टेकून माहेरी निघणार, आणि मी मेंटेनन्सचा फिटर, सगळ्या सरावलीदेखत हात हलवत उभा राहणार. तुम्हाला चाललं असतं? मलाही नाही चाललं.

काढले दोन्ही आर्म. आता बुश काढायचा. ठोकला, तापवला, तेल पाजलं, शिव्या दिल्या… हलेल तर शपथ. मेघाली दारातून म्हणते, "अहो, बोईसरला पावलोपावली वर्कशॉप आहेत, कुठेही दाबून आणा की." बरोबर बोलत होती. पण सासरे काय म्हणाले होते? सोताच्या गाडीचा! मग हात पण स्वतःचा नको? म्हटलं, प्रेस घ्यायचा, घरातच दाबायचं.

आणि तिथे माझी चूक झाली. मी सरावलीत विचारलं, किती टनांचा घेऊ? अहो, दुसरीकडे शेजारी पगार विचारतात, आमच्याकडे तुमच्या कंपनीतलं मशीन केवढं ते विचारतात! मनीष आला, तो तारेच्या कारखान्यात, म्हणतो, "सहा टन? सहा टनांत काय पापड लाटणार वहिनी? आमच्या कंपनीत शंभर टनांचा आहे, त्याला आम्ही छोटू म्हणतो." दिग्विजय आला, तो भांड्यांच्या कारखान्यात, म्हणतो, "दहा टन घे, पण गंजलेला बुश दहाला जुमानत नाही हं. आमच्या कंपनीत अडीचशेचा आहे, तो चालला की कॅन्टीनमधला चहा हिंदकळतो." मग शंभर मोठा की अडीचशे मोठा यावर माझ्या ओट्यावर, माझा चहा पीत, दोघांचं भांडण! बुश काढायचाय माझा, मुठीएवढा! रोज नवा माणूस, रोज नवी कंपनी, आणि नवरात्र बसलं तरी प्रेस काही ठरेना. शेवटी दुकानदारच वैतागला. "साहब, दस में भी निकल जाएगा. लेकिन बीस में टेन्शन नहीं." मला तेवढंच हवं होतं, टेन्शन नको. वीस घेतला.

तो आला… आणि तुम्हाला सांगतो, मी मान वर करून बघतच राहिलो. दोन जाड खांब, माझ्या डोक्याच्या वर गेलेले, मध्ये आडवी तुळई, वर जॅक, बाजूला दाब दाखवणारं घड्याळासारखं गेज. सहा जणांनी उतरवून पत्र्याच्या शेडमध्ये उभा केला आणि सहाही जण दोन पावलं मागे सरले, कुणी सांगितलं नव्हतं. एका हाताने दांडा हलवायचा आणि खाली वीस टन! माझा हात, जो घरात लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना हरतो. वीस टन हो, वीस टन!

पण आला कोणत्या दिवशी? खंडेनवमीला. मी आंघोळ करून येतो तर काय, आमच्या आईने, नर्मदाबाईंनी, प्रेसला झेंडूची माळ घातलेली, गेजवर कुंकू, केळीच्या पानावर माझे सगळे पाने ओळीने मांडलेले, मधोमध गाडीचे दोन्ही आर्म, त्यांनाही हळद. मी पान्याला हात लावला तर ओरडली. "आज हत्यारं पुजायची, वापरायची नाहीत. तुझे आजोबा आजच्या दिवशी विळासुद्धा उचलायचे नाहीत." अगं, उद्या केळव्याला जायचंय, गाडी दगडांवर उभी आहे! "उद्या उत्तरपूजा झाली की उचल." झालं. दिवसभर सरावली दर्शनाला. मनीषने तर नारळ आणला. म्हणतो, "आमच्या कंपनीत पण पूजा असते आज, पण प्रेसच्या इतकं जवळ सोडत नाहीत रे." आणि खरंच हात जोडले त्याने. शंभर टनवाल्याने! मेघाली बॅग भरून बसलेली, मधूनच दगडांवरच्या गाडीकडे बघायची, मधूनच प्रेसच्या माळेकडे.

दसऱ्याला उजाडता उजाडता आईने अक्षता टाकल्या, म्हणाली, "हं, आता उचल." आर्म ठेवला, खाली पोकळ नळी, वर बरोब्बर मापाची चकती, आणि दांडा मारायला लागलो. गेजचा काटा चढतोय… बुश ढिम्म. अजून चढला… ढिम्म. ओट्यावर सगळी सरावली, शंभर टन मान लांब करून, अडीचशे टन चवड्यांवर. मी घामाघूम, आणि त्या प्रेसच्या अंगावर शीरसुद्धा हलत नाही हो, झेंडूचं फूल हलत नाही! आणि एकदम, टक्. इतकाच आवाज. हातोड्याला न जुमानलेला तो बुश फणसातून गरा निघावा तसा अलगद खाली आला. एवढी ताकद, आणि ना आरडा ना ओरडा! तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वीस टन हो, वीस टन!

नवे बसवले, आर्म लावले, निघालो. खड्डा आला… काही नाही. गतिरोधक आला… काही नाही. पालघर गेलं, आमच्याकडचं माहीम गेलं, मेघाली पोटावर हात ठेवून इकडेतिकडे बघतेय, शेवटी हळूच म्हणते, "अहो, गाडी चालू आहे ना?" असा आनंद मला पगारवाढीला झाला नव्हता.

केळव्याला पोचलो, तर दारात कुणी नाही. एरवी सासूबाई, साखरबाई, आधीच पायरीवर उभ्या असतात. भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय गरवार पोरीने उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून मेघाली कमरेवर हात ठेवून उन्हात उभी. मी घराला वळसा घालून मागे गेलो, तर सासरे टेम्पोत बसून चावी फिरवतायत! मला बघून दचकले. "तुमी कदी आलात? आवाज नाय आला, मला वाटला गाडी बंद पडली, तुमालाच आनायला निगालू." आतून सासूबाई पदराला हात पुसत धावल्या. "वलनावर खडखड आयकली की मी भाकर मोडायची नि चूल पेटवायची. आज कायच आयकू नाय आला गं बाय!"

भाकरतुकडा झाला, पोर घरात गेली. मग सासरे माझ्या गाडीत बसले. वाडीला एक चक्कर मारली. मी त्यांच्या तोंडाकडे बघतोय, ते रस्त्याकडे. उतरले, बॉनेटवर हात ठेवला, म्हणाले, "काम चोक हाय, जावई." मी म्हटलं, जिंकलो! वीस टन वसूल!

"पन," म्हणाले, "आता पोर हितं रानार. तुमी दर रयवारी येनार. आमाला कलनार कसा? चूल कदी पेटवायची? दोनी बाजूचे कशाला काडलात? एका बाजूचा जुना हाय ना, तेवडा परत बसवा."

आता बाळंतपण त्यांच्याकडे. मागच्या रविवारी बसवला. दाबायला पाच मिनिटं लागली. प्रेसला काय हो… काढ म्हटलं की काढतो, घाल म्हटलं की घालतो. त्याला कुठे सासरा आहे!