गॅग म्हणजे तोंडातला बोळा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पीटरकाका, प्रमुख पाहुण्या इनेझ टीचर, सत्कारमूर्ती जेन्सन आणि मटिल्डावहिनी, आणि पापडी गावच्या रसिकहो,

कान साथ देत नाहीत म्हणून आमचा हा नट आज रंगभूमीचा निरोप घेतोय. याच्यासाठी मी वीस वर्षं नाटकं लिहिली. गौरवाचे दोन शब्द बोला, असा मला आदेश आहे. पण ज्याचा हेवा वाटतो त्याचा गौरव कसा करायचा?

‘वाडी’ नाटकाचा पहिला प्रयोग तुम्हाला आठवत असेल. मुलगा म्हणतो, “बाबा, वाडी विकून टाकू.” त्यावर बापाचं, म्हणजे जेन्सनचं, पानभर स्वगत होतं. त्याने तोंड उघडलं आणि लाइट गेली. अंधारात हा म्हणाला, “बिल भरायला यालाच दिलं होतं. आणि हा वाडी विकायला निघालाय.”

हशा थांबेना. लाइट आली, नाटक पुढे गेलं, स्वगत राहूनच गेलं. घरी जयवंती म्हणाली, “बिलाचं वाक्य कायम ठेवा हं.” स्वगत गेल्याचं माझ्या बायकोलाही कळलं नव्हतं.

पुढच्या तालमीला मी शब्दकोश घेऊनच गेलो. म्हटलं, “अशा वाक्याला इंग्रजीत गॅग म्हणतात. जुना अर्थ, तोंड बंद करायला कोंबलेला बोळा. त्याआधी गुदमरणं. घशातून जो आवाज येतो ना, त्यावरूनच बहुधा शब्द आला. पुढे लेखकाच्या नाटकात नट जे पदरचं कोंबतो, ते गॅग झालं. आणि मग कुठलाही विनोद.”

याने शांतपणे विचारलं, “मग सर, गुदमरतं कोण? नट की लेखक?”

सगळी तालीम हसली. मी बजावलं, “यापुढे काही कोंबायचं नाही.”

दुसऱ्या प्रयोगात ती जागा आली. हा बोललाच नाही. नुसता खाली बसला, शेजारची जमीन हाताने साफ केली आणि मुलाला खूण केली, बस. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. शेजारी जयवंती पदराने डोळे पुसत होती. माझ्या लिखाणावर ती कधी रडलेली नाही.

आत जाऊन मी विचारलं, “स्वगत का गाळलंस?”

“आमची वाडी विकायची ठरली तेव्हा माझा बाप असाच बसला होता, सर. बोलला काहीच नाही.”

स्वगत मी काढून टाकलं. आजही लोक विचारतात, ती जागा तुम्हाला सुचली कशी? मी जेन्सनचं नाव सांगतो, आणि सांगताना दर वेळी पोटात दुखतं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. मत्सराच्या भरात कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. मात्र भाषणात मी विनोदाच्या जागा ठेवल्या होत्या, तिथे तुम्ही गप्प होता. आणि भलत्याच ठिकाणी हसलात. माझ्या मागच्या खुर्चीत बसून हा माणूस काय करत होता, ते कृपा करून मला कोणी सांगू नका.