बोलक्या बाहुलीचे फोटो

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मामा-भाची लॅपटॉप उघडून बसले होते.

"मामा, तुझ्या वेबसाइटला फोटो हवा. बाहुली बोलतेय आणि तुझे ओठ मिटलेत, असा."

"अकरा वर्षांच्या प्रयोगांचे फोटो दिलेत की."

"सगळे पाहिले. प्रत्येकात तुझं तोंड उघडं आहे."

"आणि बाहुलीचं?"

"मिटलेलं."

"लोक पोट धरून हसायचे गं."

"हसायचे ना."

"मला वाटायचं, बाहुलीला हसतात."

"मग यातलाच एक टाकते. वर मोठ्या अक्षरात काय लिहू?"

"लिही, आमची बाहुली सगळं ऐकून घेते."

तेवढ्यात नर्सने दार उघडलं.

"काका, चला. अर्धा तास तोंड उघडं ठेवायला जमेल ना?"

"बाई, अकरा वर्षांचा अनुभव आहे."