तिसरीच्या नावाचा बार

नाद म्हणाल तर ओमानमधल्या आमच्या रुस्ताकच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा ऐका. त्याला जुनी पिस्तुलं जमवायचं वेड, आणि ती पुसायची मी, ड्रायव्हर असून! पण गोळ्या इतक्या महागल्या की त्यानं ईदलाही बार काढला नाही. म्हणाला, "खलास, आता नुसती बघायची."

एकदा पुसतानाच गुहागरहून बायकोचा फोन आला. मी तोंड पाडून सांगितलं, "अर्बाब, तिसरीही मुलगीच."

तो उठला, कपाटातली गोळी भरली आणि अंगणातून समोरच्या डोंगराकडे बार काढला.

मी हळहळलो, "एवढी महाग गोळी कशाला?"

तो डाफरला, "मग मुलगी काय स्वस्त आहे?"

देव त्याचं भलं करो. संध्याकाळी मी हलवा वाटला, पहिल्या दोघींच्या वेळी वाटायचा राहून गेलेलासुद्धा.