गाववार तक्ता

हॅलो? चारा विभाग… बोला.

कोण? जरा मोठ्यानं… अण्णा? अगंबाई, तू! टेंभुर्णीवरनं? चक्क ट्रंककॉल? घरी सगळी बरी हायत न्हवं?

हां… हां, छावणीजवळनं बोलतोयस व्हय. बैलं कशी हायत?

काय? कडबा आलाच न्हाय? असं कसं? ट्रक कवाच सोडले की… थांब, थांब. कुटं गेले म्हणतोस?

केमला? आपल्या गावी?

अरे, गावात कडबा उतरवून काय करायचं? दुष्काळामुळं सगळी जनावरं तर छावणीत… व्हय. व्हय, ऐकतेय…

अण्णा, शिव्या देऊ नको. न्हाय, साहेबांची चूक न्हाय. अरे, ज्यानं तक्ता केला त्याला आंधळा म्हणू नको… ऐक की माझं!

तो तक्ता मी केला.

मीच रे. तुझ्या बहिणीनं, महानंदानं.

हॅलो?… हाय, हाय. रडत न्हाय. सांगते. प्रत्येक जनावराचं एक कार्ड असतंय. त्यावर मालकाचं गाव बी असतंय, छावणी बी असतीय. कार्डांचे गठ्ठे लावायचे. आडव्या ओळीत ठिकाण, उभ्या रकान्यात बैल, गाय, म्हैस. मोजायचं आणि आकडा भरायचा. त्यावरनंच ट्रक सुटतात. छावणीवार लावायचं होतं, मी गाववार लावलं…

का म्हणजे? आपण माणसाला आधी काय विचारतो? गाव कुठलं! तसाच हात चालला. केम दिसलं की केमच्या गठ्ठ्यात. आडवी बेरीज, उभी बेरीज, चोख जुळली. साहेबांनी शाबासकी दिली. आणि मी सगळ्यांना चहा पाजला रे…

आपला सोन्या बैल बसलाय तो उठंना? अण्णा, लई लाज वाटतीय. तोंड कुटं लपवू असं झालंय.

न्हाय, ड्रायव्हरवर न्हाय ढकलायचं. आमी सांगितलं तितं गेला तो. नोकरी जाईना का! आता उठते आन् साहेबांना सांगते. केमला उतरलेला कडबा आजच परत भरून तिकडं… व्हय, शब्द देते.

अहो ऑपरेटर, तोडू नका, जरा थांबा…

अण्णा, मागं कसला गलका? कोण जमलंय? त्यांना काय सांगतोयस? 'बहिणीनं कडबा धाडला'? अरे नको! बहिणीमुळं अडला म्हण, खरं सांग!

कोण बोलतंय? आपली शेजारीण, बजाबाई? काय म्हणतीय?… देवाकडं माझ्यासाठी औक्ष मागतीय?

थांबीव तिला. तिची गाय तरी… मेली? काल?

आन् तरी ती मला…

अण्णा, फोन तिच्याकडं दे. दे की! तू नको, मी सांगते. माझ्या तोंडानं सांगते…

हॅलो? बजाबाई? मावशे, मी महानंदा. मावशे, ते औक्ष… हॅलो?

हॅलो?