गोजराच्या ओठाची तारीख

...आनि वर पोलीसपाटील मलाच विचारतो, हिरामन, तुला हात आवरत नाय का रं? अजून बोलताना टाके ओढतात, तरी सांगतो. तुमीच बोला, मी कोनाला उगाच हात लावतो का?

माझी गोजरा जन्मली तीच वरचा ओठ नाकापातूर चिरलेला घेऊन. अंगावर पिता येईना, शांती बोळ्यानं दूध पाजायची, अर्धं नाकातून बाहेर! मुंबईचा डाक्टर बोल्ला, तीन महिन्यांची झाली का आना, शिवून देतो. पन घरात आमची आई हाय ना, पुतळाबाई! "शांतीनं पोटुशी असताना, गिरान लागलं तवा बोंबील कापले, म्हनून पोर चिरली. आता दुसरं गिरान सुटंपातूर तिला लोखंड लावायचं नाय." आईवर हात कसा टाकू? कोयता घेतला नि बोंबील सुकवायचे सगळे बांबू तोडले. तरी गिरान आलं ते आठ महिन्यांनीच. मधे भगत येऊन ओठाला राख चोळाया लागला, त्याला त्याच्याच कोंबड्यानं बदडला. कोंबडा मेला, भगत वाचला... मी कोनाला उगाच हात लावतो का?

एकसष्ट साल हाय, मानूस आभाळात फिरून आला म्हनतात, आनि माझी पोर मोऱ्याच्या बंदरातून मुंबईला पोचंना! शेवटी वैशाखातली तारीख मिळाली. लाँचवर चढलो, तं तिकीटवाला वामन बोलतो, "असलं तोंड पुढं बसवू नको, लाँच बुडंल." शांतीनं गोजराच्या तोंडावर पदर ओढला. तो पदर बघितला आनि माझं डोकंच फिरलं. वामनचा गळा धरला, फळीवर आपटला, त्यानं लाँच ढकलायचा बांबू उचलून घातला थेट माझ्या थोबाडावर. दोन दात समुद्रात, वरचा ओठ फाटून लोंबतोय!

हास्पिटलात रगत बघून सगळे धावले. तोच डाक्टर, तेच टेबल, सात टाके. मग मी गोजराकडं बोट दाखवलं. डाक्टरनं घड्याळ बघितलं. "तिची वेळ तुम्हालाच गेली. पुढची तारीख पावसाळ्याच्या तोंडावर."

तवा तं मोऱ्याची लाँचच बंद! मग पुढची दिवाळीनंतर. माझा हात उठला होता, खरं सांगतो. डाक्टर बोल्ला, ओरडू नका, टाके उसवतील. उगाच नव्हता उठला, पन मारनार कोनाला? हात खिशात घातला.

संध्याकाळी धक्क्यावर आई वाट बघत उभी. लांबूनच विचारते, "शिवला का गं ओठ?"

शांती गोजराच्या नाकातलं दूध पुसत बोल्ली, "शिवला. बापाचा."